युरोस्टॅटचा डॉक्टरांचा तक्ता: भरवशाचा, पण तळटिपांसकट वाचला तरच

युरोपातल्या कोणत्या देशात रुग्ण तपासणारे डॉक्टर किती आहेत आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते वाढले की घटले, हे पाहायचं असेल तर फुकट मिळणाऱ्या साधनांमध्ये युरोस्टॅटचा, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा, आरोग्य मनुष्यबळाचा तक्ता सर्वांत चांगला आहे. युरोपीय संघातले 27 देश त्यात आहेतच. नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड, तुर्कस्तान आणि बाल्कनमधले काही देशही सापडतात. खातं उघडावं लागत नाही, डाउनलोडला पैसे पडत नाहीत, आणि प्रत्येक देशानं आकडा कुठून आणला याची टीप सोबत असते. तरीही याच तक्त्यावरून सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष काढले जातात, कारण बहुतेक लोक आकडा उचलतात आणि टीप तिथेच सोडतात. टीप न वाचता केलेली क्रमवारी टाकाऊ असते, आणि वाचून केलेली तुलना फार मोलाची असते. या दोन्हींत फरक कशानं पडतो, ते सांगण्यासाठी हे परीक्षण आहे.

आधी डॉक्टर म्हणून कोणाला मोजलं आहे ते बघा. युरोस्टॅट, ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) आणि जागतिक आरोग्य संघटनेचं युरोप कार्यालय मिळून देशांना एकच संयुक्त प्रश्नावली पाठवतात आणि तिच्यात तीन वेगळ्या व्याख्या आहेत. पहिली प्रत्यक्ष रुग्णसेवेत असलेल्यांची. दुसरी व्यवसायात कार्यरत असलेल्यांची, म्हणजे रुग्ण तपासणाऱ्यांखेरीज प्रशासनात, संशोधनात किंवा अध्यापनात असलेले, ज्यांच्या कामाला वैद्यकीय पदवी लागते तेही यात येतात. तिसरी परवानाधारकांची: नोंदवहीत नाव असलं की झालं, मग ती व्यक्ती निवृत्त असो, बेकार असो वा दुसऱ्या देशात काम करत असो. पहिलीत निवृत्त, बेकार आणि परदेशी गेलेले धरत नाहीत, दंतवैद्यही नाहीत. मात्र पदवीनंतर इतरांच्या देखरेखीखाली काम करणारे इंटर्न आणि निवासी डॉक्टर त्यात येतात, आणि देशात परवाना घेऊन काम करणारे परदेशी डॉक्टरही.

तुलनेसाठी पहिलीच व्याख्या हवी. अडचण अशी की सगळे देश ती देत नाहीत. ग्रीस आणि पोर्तुगालकडून परवानाधारकांचा आकडा येतो. स्लोव्हाकिया आणि तुर्कस्तानच्या आकड्यात व्यवस्थापक, शिक्षक, संशोधकही असतात, आणि ओईसीडीच्या अंदाजानुसार त्यामुळे संख्या पाच ते दहा टक्क्यांनी फुगते. मूळ डेटाबेसमध्ये या व्याख्या वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत. गोंधळ होतो तो तयार आलेखांत, कारण तिथे सगळे देश एका रांगेत उभे केले जातात आणि फरक खाली बारीक अक्षरांत लिहिला जातो. आलेखाचा फोटो पुढे जातो आणि बारीक अक्षरं कापली जातात.

पोर्तुगालचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. 2021 साली तिथे दर हजारी सुमारे 5.6 डॉक्टर दिसतात. त्याच वर्षी ऑस्ट्रियात 5.4 आणि जर्मनीत 4.5. वरवर पाहता पोर्तुगाल ऑस्ट्रियाच्याही पुढे. पण पोर्तुगालचा आकडा प्रत्यक्षापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी जास्त आहे, असं ओईसीडीच म्हणते. इथे हिशेबात एक चूक हमखास होते. लोक 5.6 मधून 30 टक्के वजा करून 3.9 काढतात. खरा आकडा 30 टक्क्यांनी फुगून 5.6 झाला असेल, तर 5.6 ला 1.3 ने भागायला हवं. उत्तर येतं 4.3. म्हणजे पोर्तुगाल ऑस्ट्रियाच्या बराच खाली, जर्मनीच्याही थोडा खाली. हा ठोकळ अंदाज आहे, तक्त्यात भरायचा आकडा नाही, पण क्रमवारीवर किती विसंबायचं हे त्यातून कळतं. ग्रीसचा सहाच्या वरचा आकडाही असाच वाचावा. 2010 नंतरच्या आर्थिक संकटात तिथले बरेच डॉक्टर बाहेर पडले. बाहेर गेलेल्याचं नाव नोंदवहीत राहिलं, तर परवानाधारकांच्या आकड्यात ती घट दिसतच नाही. ज्या काळात घट शोधायची, नेमका त्याच काळात हा आकडा आंधळा होतो.

आता वापरायचं कसं. डेटाबेसच्या झाडात लोकसंख्या व सामाजिक परिस्थिती, मग आरोग्य, मग आरोग्यसेवा, मग मनुष्यबळ असं खाली उतरा. तक्ता उघडल्यावर समोर आपोआप येणाऱ्या मांडणीवर विसंबू नका, निवड स्वतः करा. व्यवसायात वैद्यकीय डॉक्टर, कामाच्या स्थितीत रुग्णसेवेत असलेले, एककात आधी नुसती संख्या आणि मग प्रति लाख लोकसंख्या. दोन्ही एककं उतरवून घ्यायची. फक्त दर घेतला तर तो अंशामुळे हलला की छेदामुळे, हे नंतर शोधता येत नाही. त्यानंतर कामाची स्थिती बदलून परवानाधारकांची मालिकाही घ्या. ज्या देशांच्या दोन्ही मालिका आहेत, तिथे त्यांच्यातलं अंतर वर्षागणिक वाढतंय का, ही एक नजर बरंच सांगून जाते. अंतर वाढत असेल तर डॉक्टर निवृत्त होताहेत, देश सोडताहेत किंवा व्यवसाय सोडताहेत.

आकड्याशेजारी येणारी अक्षरं म्हणजे फ्लॅग, आणि या सेवेतला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. 'बी' म्हणजे मालिका तिथे तुटली. 'डी' म्हणजे व्याख्या वेगळी. 'ई' म्हणजे अंदाज, 'पी' म्हणजे तात्पुरता आकडा. नुसतं विसर्गासारखं चिन्ह (:) असेल तर माहिती नाही, ते शून्य नव्हे. टीएसव्ही फाइलमध्ये (टॅबनं खण पाडलेल्या मजकूर फाइलमध्ये) हे अक्षर आकड्याच्याच खणात येतं, त्यामुळे एक्सेल तो खण मजकूर समजतं आणि बेरीज-सरासरीतून गुपचूप वगळतं. नेमकी तुटीची वर्षं गळतात आणि आलेख गुळगुळीत दिसतो. आर या संगणक भाषेतलं युरोस्टॅट पॅकेज वापरणाऱ्यांनी फ्लॅग राखण्याचा पर्याय मुद्दाम चालू करावा, कारण मुळात तो बंद असतो. फ्लॅगसाठी वेगळा कॉलम देणारं सीएसव्ही (स्वल्पविरामानं खण पाडलेली फाइल) उतरवणं सर्वांत सोयीचं.

दुसरी नेहमीची ठेच देशांच्या कोडची. युरोस्टॅट ग्रीसला 'ईएल' आणि ब्रिटनला 'यूके' म्हणतं. आंतरराष्ट्रीय प्रमाणात तेच 'जीआर' आणि 'जीबी' आहेत, आणि ओईसीडी तीन अक्षरी कोड वापरते. दोन ठिकाणचे तक्ते जोडताना हे दोन देश न सांगता गळून पडतात. जोडणी झाली की दोन्ही बाजूंच्या ओळी मोजून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. एकत्रित सरासरीतही 2020 नंतरच्या 27 देशांचा कोड वेगळा आहे. जुन्या 28 देशांच्या सरासरीला तो जोडला तर ब्रिटन मधेच गायब झाल्याची खोटी उडी दिसते. ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी संघाबाहेर पडलं, त्यामुळे त्याचे पुढचे आकडे ओईसीडीकडून घ्यावे लागतात.

मालिका तुटणं म्हणजे काय, ते पोलंडवरून चांगलं कळतं. बरीच वर्षं पोलंड यादीत तळाशी होता. 2017 चा आकडा दर हजारी सुमारे 2.4. काही वर्षांनी तोच सुमारे 3.4 झाला, म्हणजे 40 टक्क्यांहून जास्त वाढ. वैद्यकीय पदवीलाच सहा वर्षं लागतात, तेव्हा इतक्या थोड्या काळात एखाद्या देशात डॉक्टर दीडपटीजवळ जाणं शक्यच नाही. बदलले ते माहितीचे स्रोत आणि मोजण्याची पद्धत. नवा आकडा बहुधा सत्याच्या जास्त जवळ आहे, पण जुन्या बिंदूपासून नव्या बिंदूपर्यंत रेघ ओढून पोलंडनं डॉक्टरांची टंचाई संपवली असं लिहिणं साफ चूक. तुटीच्या आधीचा भाग आणि नंतरचा भाग वेगळे ठेवून प्रत्येकातली वार्षिक वाढ स्वतंत्र काढायची. एखाद्या वर्षाचा आकडा दोन्ही पद्धतींनी उपलब्ध असेल, तरच त्या गुणोत्तरानं मालिका सांधता येते.

स्पेनचं दुखणं निराळं. तिथला रुग्णसेवेतल्या डॉक्टरांचा आकडा कामगार पाहणीतून, म्हणजे घरोघरच्या नमुना सर्वेक्षणातून येतो. नमुन्यात डॉक्टरांची कुटुंबं थोडीच असतात, त्यामुळे आकडा वर्षागणिक वरखाली होतो. एका वर्षाच्या घटीवरून बातमी करू नये. तीन वर्षांची सरती सरासरी घ्यावी आणि तीच बघावी.

छेदाकडे तर फार कमी लोक बघतात. बल्गेरियाची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 79 लाख 30 हजार होती, 2021 च्या जनगणनेत सुमारे 65 लाख 20 हजार. समजा दोन्ही वेळी डॉक्टर बरोबर 28 हजारच होते. तरी दर हजारी आकडा 3.5 वरून 4.3 वर जातो. एकही डॉक्टर न वाढता तक्त्यात भरघोस प्रगती दिसते. शिवाय देश सोडून जातात ते बहुतेक तरुण. मागे राहणाऱ्यांत वयस्कांचं प्रमाण वाढतं आणि त्यांना डॉक्टर जास्त लागतो. म्हणजे दर सुधारला तरी भार वाढलेला असू शकतो. रुमानियाचंही छेदाचं गणित असंच आहे. 2002 ते 2021 या जनगणनांदरम्यान लोकसंख्या सुमारे 2 कोटी 17 लाखांवरून 1 कोटी 91 लाखांच्या आसपास आली, त्यामुळे केवळ छेदानं दर साधारण 14 टक्के वर सरकतो. पण रुमानियात डॉक्टरांची प्रत्यक्ष संख्याही वाढली आहे, आणि तीही 2007 साली संघात प्रवेश झाल्यावर हजारो डॉक्टर पश्चिमेकडे गेले असताना. हे दोन परिणाम सुटे करता येतात ते संख्या आणि दर दोन्ही हाताशी असले तरच.

या तक्त्याबद्दल सर्वांत मोठी तक्रार मात्र वेगळी आहे: तो माणसं मोजतो, तास मोजत नाही. अर्धवेळ काम करणारी डॉक्टर आणि आठवड्याला 60 तास राबणारी डॉक्टर, दोघी इथे एकेकच. नेदरलँड्ससारख्या अर्धवेळ कामाची रीत असलेल्या देशाची तुलना करताना यानं मोठा फरक पडतो. काळाच्या तुलनेत तो आणखी मोठा होतो, कारण या काळात कामाच्या तासांवर कायद्यानंच लगाम आला. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या निर्देशानुसार प्रशिक्षणार्थी डॉक्टरांची आठवड्याची मर्यादा 2004 मध्ये 58 तास, 2007 मध्ये 56 आणि 2009 मध्ये 48 तास अशी टप्प्याटप्प्यानं उतरली. त्याआधी 2000 आणि 2003 च्या निकालांत युरोपीय न्यायालयानं रुग्णालयात थांबून केलेली ऑन-कॉल ड्युटी हा कामाचाच वेळ ठरवला होता. आता गणित करा. 56 तास काम करणारे 100 निवासी डॉक्टर आठवड्याला 5,600 तास देतात. 48 तासांच्या मर्यादेत तेवढेच तास हवे तर 117 डॉक्टर लागतात. तक्त्यात 17 टक्क्यांची घसघशीत वाढ दिसेल, आणि वॉर्डात उपलब्ध तास जेवढे होते तेवढेच राहतील. काही देशांत वैयक्तिक संमतीनं मर्यादा ओलांडता येते, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम सगळीकडे सारखा नाही. पण जर्मनीत 2000 साली दर हजारी 3.3 च्या आसपास असलेले डॉक्टर 2021 साली 4.5 झाले, तरी रुग्णालयं टंचाईची तक्रार का करतात, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे. पूर्णवेळ समतुल्य संख्या, म्हणजे सगळ्यांच्या तासांचे मिळून किती पूर्णवेळ डॉक्टर होतात, हा कॉलम सर्व देशांसाठी या तक्त्यात यायलाच हवा. तो नसेल तोवर कामाची क्षमता वाढली असं या आकड्यांवरून म्हणू नये.

काळाची रेघ वाचायला शिकवणारा देश म्हणजे फ्रान्स. 2010 च्या दशकात तिथला दर 3.1 ते 3.2 च्या आसपास जवळपास सपाट दिसतो, आणि सपाट रेघ म्हणजे स्थैर्य असं वाटतं. पण तिच्या पोटात दोन जुन्या लाटा आहेत. वैद्यकीय शिक्षणातल्या जागांवर 1970 च्या दशकारंभी मर्यादा आली, तेव्हा वर्षाला सुमारे 8,500 विद्यार्थी पुढे जात. ती संख्या घटवत 1993 मध्ये 3,500 पर्यंत आणली गेली. डॉक्टर पूर्ण घडायला तिथे नऊ ते बारा वर्षं लागतात, म्हणजे 1993 ची काटछाट 2000 नंतरच्या दवाखान्यांत जाणवली. पुढे 2010 च्या दशकात 1970 च्या दशकातल्या मोठ्या तुकड्या निवृत्तीला आल्या. मधल्या काळात जागा पुन्हा वाढवल्या आणि 2019 च्या कायद्यानं ती जुनी मर्यादा हटवली, पण त्या निर्णयाचं पीक या दशकाच्या अखेरीआधी तक्त्यात दिसायचं नाही. म्हणून डॉक्टरांच्या आकड्यावर भाष्य करताना दहा-बारा वर्षं मागे जाऊन पदवीधरांची मालिका उघडावी. ती याच विभागात आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही.

वयाचा तक्ताही सोबत ठेवा. इटलीत निम्म्याहून अधिक डॉक्टर 55 वर्षांवरचे आहेत, बल्गेरियातही तसंच. इटलीचा दर आज बरा दिसतो, पण त्यातला मोठा हिस्सा एका दशकात निवृत्तीच्या दारात उभा असेल. दर आणि वय एकत्र न पाहता इटलीला सुस्थितीत म्हणणं धोक्याचं आहे. डॉक्टरांच्या स्थलांतराचा वेगळा तक्ताही मिळतो. नॉर्वे आणि आयर्लंडमध्ये परदेशात शिकलेल्या डॉक्टरांचा हिस्सा 40 टक्क्यांच्या आसपास असतो. मात्र नॉर्वेच्या आकड्यातले निम्म्याहून जास्त हे बाहेर शिकून परतलेले नॉर्वेजियनच आहेत. म्हणजे परदेशी शिक्षण आणि परदेशी डॉक्टर या दोन गोष्टी एक धरायच्या नाहीत.

फॅमिली डॉक्टर आणि तज्ज्ञ यांच्या विभागणीवर फार भर देऊ नका. काही देश अजून विशेषीकरण सुरू न केलेल्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांना सामान्य डॉक्टरांत टाकतात, काही टाकत नाहीत. प्रदेशवार तक्ता एकाच देशातल्या तफावतीसाठी ठीक. प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा अशा राजधान्यांत आकडा उंच दिसतो, पण आजूबाजूच्या प्रदेशांतले रुग्णही तिथेच येतात. शिवाय प्रदेशांच्या सीमा काही वर्षांनी नव्यानं आखल्या जातात, त्यामुळे लांबची मालिका घेण्याआधी सीमा त्याच आहेत ना, ते तपासा.

ओईसीडीचा तक्ता पर्याय म्हणून कसा? माहिती बहुतांश त्याच संयुक्त प्रश्नावलीतली, त्यामुळे दोन्हीकडे एकच आकडा दिसला तर ती दुहेरी खातरजमा समजू नये. तो एकच आकडा दोनदा छापलेला असतो. ओईसीडीचं बळ म्हणजे लांब मालिका, ब्रिटन आणि युरोपबाहेरचे देश, आणि वाचायला सोप्या टिपा. उणीव म्हणजे संघातले पाच देश, बल्गेरिया, क्रोएशिया, सायप्रस, माल्टा आणि रुमानिया, तिचे सदस्य नाहीत. त्यांचे आकडे कुठे मिळतात, कुठे नाहीत. 2024 मध्ये जुनं संकेतस्थळ बंद होऊन नवं आलं, त्यामुळे जुने दुवे आणि जुने प्रोग्रॅम नीट चालतात का ते पाहावं. तिथे एकक दर हजारी आहे, युरोस्टॅटवर प्रति लाख. शंभरनं भागायचं विसरू नका. मध्य आशियापर्यंतचे 53 देश हवे असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचा डेटाबेस घ्यावा. मात्र त्यातल्या जुन्या आकड्यांच्या व्याख्या आजच्याइतक्या घट्ट नाहीत.

ताजेपणात युरोस्टॅट आधी कच्चं होतं, कारण देश माहिती स्वेच्छेनं देत. 2022 साली आलेल्या नियमानं 2021 या संदर्भवर्षापासून ती देणं बंधनकारक झालं, आणि फरक दिसतो आहे. तरी लक्झेंबर्गचा 2017 चा आकडा अनेक वर्षं ताज्या आलेखांत इतर देशांच्या नव्या आकड्यांशेजारी उभा असायचा. म्हणून आलेख करताना प्रत्येक देशाच्या नावापुढे त्याच्या आकड्याचं वर्ष लिहा. आकडे मागाहून सुधारलेही जातात, विशेषतः जनगणनेनंतर. जर्मनीत 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या अंदाजापेक्षा सुमारे 15 लाखांनी कमी निघाली होती आणि त्याबरोबर दर हलले. डाउनलोडची तारीख फाइलच्या नावातच ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचा आणि दुसऱ्याचा आकडा का जुळत नाही, हे शोधण्यात दिवस जाईल.

देशनिहाय टिपांची फाइल मेटाडेटाच्या, म्हणजे आकड्यांविषयीच्या माहितीच्या, जोडपत्रात असते, तक्त्याच्या पानावर ती ठळक दिसत नाही. युरोस्टॅटनं ती आकड्याच्या शेजारी आणावी अशी आमची कळकळीची मागणी आहे. ती येईपर्यंत क्रम असा ठेवा: जोडपत्र उघडून तुमच्या देशांच्या नोंदी वाचा, व्याख्या न जुळणारे देश आलेखात वेगळ्या रंगात घ्या, आणि त्यांना क्रमांक देऊ नका. ऑस्ट्रियाची 2000 मधल्या सुमारे 3.9 वरून 5.4 पर्यंतची चढण किंवा फ्रान्सची सपाट रेघ पोर्तुगालशी तुलना न करताही पुरेशी बोलते.